खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे: एमआरआयच्या आधी बोटाने तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कंबरदुखी आणि गुडघेदुखी यांवर वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत पुष्कळ लिहिले जाते. या दोहोंच्या मधल्या एका दुखण्याला मात्र कुणी वाली नाही. मांडीच्या वरच्या टोकाला, पँटचा बाजूचा खिसा येतो त्या जागी, बाहेरच्या अंगाला हाताला एक हाड लागते. तिथे दुखते. त्या कुशीवर झोपले की मध्यरात्री जाग येते आणि कूस बदलली तरी पुरता आराम पडत नाही. बराच वेळ बसून उठल्यावर पहिली काही पावले लंगडत पडतात, मग पाय मोकळा होतो. ठाणे स्थानकाचा पूल चढताना, एका पायावर उभे राहून सलवार किंवा पँट चढवताना कळ येते. ठाणे आणि नवी मुंबईत फिजिओथेरपीचे काम करणाऱ्या आम्हा काही जणांकडे असे रुग्ण येतात, तेव्हा बहुतेकांच्या पिशवीत कंबरेचा एमआरआय असतो आणि तोंडी ‘सायटिका’ किंवा ‘गादी सरकली’ हे निदान. दुखऱ्या जागेला हात लावून कुणी तपासलेले नसते. हे बदलावे म्हणून हे पत्र.

कंबरेच्या एमआरआयवर भिस्त ठेवण्यात धोका काय, ते आधी सांगतो. पाठीचा कसलाही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार पन्नाशीच्या धडधाकट माणसांपैकीही सुमारे ८० टक्क्यांच्या मणक्यांतील गादीत झीज दिसते आणि ६० टक्क्यांच्या गादीत फुगवटा दिसतो. म्हणजे या वयात कंबरेचा एमआरआय काढला की रिपोर्टमध्ये काही ना काही सापडणारच. ते सापडले म्हणून दुखणे तिथूनच येते, असे ठरत नाही. मग कंबरेला पट्टा, नसेच्या गोळ्या, ट्रॅक्शन यांत महिने जातात आणि खुबा आहे तिथेच राहतो.

खुब्याचा खरा सांधा, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा कंबरेच्या हाडाच्या वाटीत बसतो ती जागा, बरीच आत असते. सांधा दुखतो तेव्हा दुखणे बहुधा जांघेत जाणवते. बाहेरून हाताला लागते ते मांडीच्या हाडाचे वरचे उंचवट्याचे टोक, ज्याला वैद्यकात ग्रेटर ट्रोकँटर म्हणतात. ग्लुटिअस मीडिअस आणि ग्लुटिअस मिनिमस या दोन स्नायूंच्या कंडरा (टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर) तिथे चिकटतात. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर असतो. त्या क्षणी उचललेल्या पायाकडची कंबर खाली पडू न देणे हे या दोन स्नायूंचे काम. त्यांच्यावरून इलिओटिबिअल बँड हा जाड पट्टा कंबरेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत जातो. मांडी शरीराच्या मध्यरेषेकडे गेली की हा पट्टा ताणला जातो आणि खालच्या कंडरांना हाडावर दाबून धरतो. कप्पीवरच्या दोरीचा कप्पीला टेकलेला भाग आधी विरतो, तशी या कंडरांची हाडाला लागून असलेली आतली बाजू बहुधा आधी खराब होते. ओढ आणि दाब दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी पडतात, हे या दुखण्याचे मूळ.

पूर्वी या सगळ्याला सरसकट ‘बर्सायटिस’, म्हणजे हाडावरच्या द्रव भरलेल्या छोट्या पिशवीची सूज, असे म्हणत. अजूनही चिठ्ठ्यांवर तसेच लिहिलेले असते. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जागी दुखणाऱ्या ८७७ रुग्णांच्या सोनोग्राफी पाहिल्या, तेव्हा पिशवीला सूज फक्त सुमारे २० टक्क्यांना होती. जवळजवळ निम्म्या रुग्णांत कंडरेचा बिघाड दिसला. याचा उपचाराशी थेट संबंध आहे. निव्वळ सूज असती तर विश्रांती आणि गोळ्या पुरल्या असत्या. कंडरा मात्र विश्रांतीने आणखी दुबळी होते. तिला बेताबेताने वाढवलेला भार लागतो.

हे दुखणे चाळीस ते साठ या वयात जास्त आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी जास्त दिसते. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होते, त्याचा परिणाम कंडरांवरही होतो. वाढलेले वजन, आधीपासूनची कंबरदुखी, एका गुडघ्याची झीज आणि त्यामुळे बदललेली चाल यांची भर पडते. म्हणून एकाच रुग्णाला कंबर आणि खुबा अशी दोन्ही दुखणी असू शकतात आणि एकावर उपचार झाले की दुसरे आपोआप जाईल, असे धरून चालता येत नाही.

सुरुवात मात्र बहुधा भार एकदम वाढल्याने होते. वर्षभर खुर्चीत बसून काम केलेले शरीर वर्षा मॅरेथॉन दोन महिन्यांवर आली की धावायला लागते. पावसाळा लागला की दर रविवारी खारघरची टेकडी किंवा येऊरचा चढ. डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले की दुसऱ्या दिवसापासून मासुंदा तलावाला एकदम पाच फेऱ्या. चालणे चांगलेच आहे, पण स्नायूला जुळवून घ्यायला आठवडे लागतात आणि कंडरेला त्याहून जास्त. रस्त्याच्या कडेला उतार असतो, हेही ध्यानात घ्यावे. रोज त्याच कडेने, त्याच दिशेने चालले की उंचावर पडणारा पाय प्रत्येक पावलाला आत ओढला जातो. तलावपाळी असो की नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’चा चालण्याचा ट्रॅक, दिशा अधूनमधून बदलावी.

दुसरे कारण सवयींचे. त्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की रुग्ण त्या आपणहून सांगत नाही, विचाराव्या लागतात. लोकलमध्ये किंवा ओट्यापाशी सगळा भार एका पायावर टाकून कंबर बाहेर काढून उभे राहणे. मूल नेहमी एकाच कडेवर घेणे. पायावर पाय टाकून बसणे. जमिनीवर दोन्ही पाय एकाच बाजूला दुमडून बसणे. साडी नेसून स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसणे. कठीण गादीवर दुखऱ्या कुशीवर झोपणे, किंवा चांगल्या कुशीवर झोपून दुखरा पाय पुढे गादीवर टेकवणे. या शेवटच्या स्थितीत मांडी रात्रभर आत झुकलेली राहते. दुखरी कूस टाळूनही रात्री जाग का येते, त्याचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते.

आता निदान. त्याला यंत्र लागत नाही, पाच मिनिटे लागतात. रुग्णाला चांगल्या कुशीवर, गुडघे थोडे वाकवून झोपवावे आणि वर आलेल्या हाडाच्या टोकावर, त्याच्या वरच्या आणि मागच्या कडेवर अंगठ्याने दाबावे. जोर नख पांढरे पडेल एवढाच. दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच जोराने दाबून फरक विचारावा. इथे अजिबात दुखत नसेल तर निदान बहुधा दुसरे आहे, शोध पुढे न्यावा. दुखत असेल तर मात्र एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नये, कारण दाबले की दुखणारे खुबे बरेच असतात.

म्हणून दुसरी तपासणी. भिंतीशेजारी उभे राहून तोल सांभाळण्यापुरते एक बोट भिंतीला टेकवावे, दुखऱ्या पायावर उभे राहावे, दुसरा पाय गुडघ्यातून मागे दुमडावा आणि ३० सेकंद थांबावे. या वेळात बाहेरच्या हाडापाशी ओळखीचे दुखणे उमटले तर कंडरेच्या बिघाडाला भक्कम दुजोरा मिळतो. कुठे दुखते ते रुग्णाला एका बोटाने दाखवायला सांगावे. हाताचा पंजा कंबरेपासून गुडघ्यापर्यंत फिरला तर अजून काही ठरलेले नाही. त्याच वेळी समोरून पाहावे. उचललेल्या पायाकडची कंबर खाली घसरते का? घसरत असेल तर स्नायू दुबळा आहे, क्वचित कंडरा पूर्ण तुटलेलीही असते. ज्येष्ठ व्यक्ती नुकतीच पडली असेल किंवा पायावर भारच टाकवत नसेल, तर ही तपासणी घरी करू नये.

तिसरी तपासणी जाणकाराने करायची. रुग्णाला पाठीवर झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात आणावा, मांडी आत न्यावी, पाऊल दुसऱ्या पायाच्या दिशेला वळवावे, मग रुग्णाने पाऊल बाहेर ढकलायचे आणि तपासणाऱ्याने ते अडवायचे. कंडरेवर दाब आणि ओढ एकदम येते आणि नेमके त्या जागी दुखते.

सांधा झिजलेला आहे की नाही हे साध्या प्रश्नांनी बरेचसे कळते. मांडी घालून बसता येते का? पायाची नखे कापता येतात का? जोडवी घालताना पाऊल हाताशी येते का? मोजे चढवता येतात का? कंडरेच्या दुखण्यात हे करताना थोडे दुखेल, पण पाय वळतो. सांधा झिजला असेल तर पाय वळतच नाही आणि दुखणे जांघेत जाते. पाठीवर झोपवून, गुडघा काटकोनात धरून पाऊल बाहेरच्या दिशेला वळवले असता एका बाजूला स्पष्ट अडथळा येतो, ही सांध्याची खूण.

दुखणे गुडघ्याच्या खाली पोटरीत आणि पावलात उतरते, मुंग्या येतात, अंगठा वर उचलायला जोर नाही, खोकल्यावर किंवा शिंकल्यावर कळ जाते, अशी लक्षणे असतील तर कंबरेतील नस तपासायलाच हवी. खुब्याच्या कंडरेचे दुखणेही मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते आणि गल्लत इथेच होते. पण त्यात बधिरपणा नसतो.

बधिरपणा किंवा आगआग असेल, तीही मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागावर तळहाताएवढ्या पट्ट्यात, आणि हाडावर दाबून दुखत नसेल, तर कातडीकडे जाणारी एक नस जांघेपाशी दबलेली असू शकते. परकराची नाडी करकचून बांधणे, घट्ट बेल्ट, खाली सुटलेले पोट, गरोदरपण, मधुमेह ही तिची नेहमीची कारणे. नाडी सैल करून कंबरेच्या जरा वर बांधली की पुष्कळांचा त्रास उतरतो. तिथे आग होऊन काही दिवसांत पुरळ उठले, तर ती नागीण; औषध लगेच सुरू करावे लागते.

काही कारणे मात्र अशी आहेत की तिथे थांबून चालत नाही. तीस ते पन्नाशीतला पुरुष, जांघेत दुखते, लंगडतो, आणि पूर्वी स्टेरॉइड घेतलेले आहे, मग ते कोविडमध्ये असो, दम्यासाठी असो की व्यायामशाळेत, किंवा दारूचे प्रमाण जास्त आहे: अशा रुग्णात हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो, म्हणून इथे खुब्यांचा एमआरआय लवकर करावा आणि दोन्ही बाजूंचा करावा. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल वर्षानुवर्षे अॅलेंड्रोनेटसारख्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीची मांडी बाहेरच्या बाजूने दुखू लागली, तर मांडीच्या हाडाला बाहेरच्या कडेने सूक्ष्म तडा गेलेला असण्याची शक्यता असते. फक्त खुब्याचा एक्स-रे काढला तर तो निसटतो. दोन्ही मांड्यांच्या पूर्ण हाडाचे एक्स-रे हवेत, कारण तडा दुसऱ्या बाजूलाही असू शकतो. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, पण डॉक्टरांना त्यांच्याबद्दल पहिल्याच भेटीत सांगावे. घरात पडलेल्या ज्येष्ठांना पाय टेकवत नसेल आणि एक्स-रेमध्ये काही दिसत नसेल, तरी हाडाला चीर असू शकते. सीटी किंवा एमआरआय करून खात्री होईपर्यंत त्यांना चालवू नये. ताप, घटणारे वजन, कर्करोगाचा पूर्वेतिहास, कुशीवर झोपा किंवा उताणे झोपा रात्रभर सारखेच ठणकणे, लंगडणारे लहान मूल: यांत व्यायाम सांगणारा माणूस नको, रुग्णालय हवे. आपल्याकडे खुब्याचा क्षयरोग अजून आहे, हे विसरता येत नाही.

तपासण्यांचा क्रम आम्ही असा सुचवू. आधी हाताने तपासणी. मग दोन्ही खुबे एकत्र दिसतील असा समोरून काढलेला एक साधा एक्स-रे, मुख्यतः सांध्याची झीज आणि हाडाचा दोष वगळण्यासाठी. कंडरा पाहायची तर स्नायू-सांध्यांची सोनोग्राफी नियमित करणाऱ्याकडेच जावे. खुब्याचा एमआरआय हा तीन महिने नीट व्यायाम करूनही फरक नसेल, कंबर घसरत असेल किंवा वरच्यापैकी काही धोका दिसत असेल तेव्हा. कंडरेतला थोडा बदल किंवा पिशवीतले थोडे पाणी न दुखणाऱ्या खुब्यातही सापडते. रिपोर्ट नेहमी बोटाच्या तपासणीशी ताडून वाचावा.

उपचाराबद्दल थोडेच लिहितो, पण एक गोष्ट ठासून. या दुखण्यात मांडी छातीकडे आणि पलीकडे ओढून ताण देण्याचे प्रकार करू नयेत. गोमुखासन आणि अर्धमत्स्येंद्रासन ही चांगली आसने आहेत, परंतु त्यांत मांडी आत जाते आणि कंडरा हाडावर दाबली जाते. करताना बरे वाटते, रात्री मात्र दुखणे वाढते. सकाळी बागांतून वर्ग घेणाऱ्या योगशिक्षकांनी बाहेरच्या हाडावर दुखते म्हणणाऱ्या साधकाला ही दोन आसने काही महिने सोडायला सांगावीत. झोपताना चांगल्या कुशीवर, दोन्ही पायांमध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल अशी जाड उशी. एक पुरत नसेल तर दोन. किंवा उताणे, गुडघ्याखाली उशी घेऊन. उभे राहताना भार दोन्ही पायांवर. जिना चढताना कठडा धरावा. काठी घ्यायची तर दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात.

व्यायामाची सुरुवात अशी: उताणे झोपून, गुडघ्यांखाली उशी, मांड्यांभोवती ओढणी सैलसर बांधून पाय बाहेर ढकलल्यासारखा हलका जोर लावावा, १० ते १५ सेकंद, पाच-सहा वेळा, दिवसातून दोनदा. ते निभले की कंबर उचलण्याचा व्यायाम, मग खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, मग आडवी पावले टाकणे. करताना दहापैकी चारपर्यंतचे दुखणे चालेल, पण त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखले तर मात्रा कमी करावी. आठ ते बारा आठवडे धीर हवा.

इंजेक्शनविषयी खूप विचारणा होते. ब्रिस्बेन आणि मेलबर्न येथे २०४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनी चांगला फरक पडल्याचे सांगणारे रुग्ण मार्गदर्शन व व्यायामाच्या गटात ७७ टक्के, स्टेरॉइड इंजेक्शनच्या गटात ५८ टक्के आणि नुसते थांबलेल्या गटात २९ टक्के होते. वर्षानंतर हेच आकडे ७९, ५८ आणि ५२ असे होते. झोपच लागत नसेल तर एखादे इंजेक्शन घेण्यात गैर नाही, पण ते व्यायामाच्या जागी नव्हे. मधुमेहींनी त्यानंतर काही दिवस साखर मोजत राहावी, ती चढते.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या दवाखान्यांतील डॉक्टरांना आणि आमच्या फॅमिली डॉक्टर मित्रांना विनंती आहे की, असा रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीवर फक्त ‘कंबरदुखी’ लिहू नये. चार गोष्टी लिहाव्यात: बाहेरच्या हाडावर दाबल्यावर दुखते की नाही; एका पायावर ३० सेकंदांत दुखणे उमटते की नाही; पाऊल बाहेर वळवताना सांधा अडतो की नाही आणि जांघ दुखते की नाही; स्टेरॉइड किंवा हाडांच्या गोळ्या चालू आहेत की होत्या, आणि किती वर्षे.

आपले,
फिजिओथेरपी व्यवसायातील काही वाचक,
ठाणे व नवी मुंबई